पिशवीची जागा

गुदाशयाच्या कर्करोगात आधी किरणांचे शेक द्यायचे, केमो द्यायची की थेट ऑपरेशन, हे डॉक्टर एमआरआय बघून ठरवतात. गाठ खोलवर गेली असेल तर आधी शेक, कुणाला ५ दिवस, कुणाला पाच-साडेपाच आठवडे. काहींची गाठ त्यातच पूर्ण विरघळते. अशांना ऑपरेशन न करता कडक तपासणीवर ठेवता येतं, हे ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं. पण ते सगळ्यांच्या नशिबात नसतं. गाठ गुदद्वाराच्या स्नायूतच शिरली असेल तर बहुधा तो मार्ग कायमचा बंद करून पोटावर नवा काढावा लागतो. इंग्लंडच्या माइल्स यांनी १९०८ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही जीव वाचवते.

मी स्टोमा नर्स. पोटावर ते नवं तोंड, म्हणजे स्टोमा, कुठे काढायचं, त्याची खूण ऑपरेशनआधी मी करते. मळाची पिशवी त्यावरच चिकटवायची असते.

अमडापूरचे एक काका आठवतात. चिखली-खामगाव रस्त्याकडेला शेत, सोयाबीन आणि तूर. निजवून पाहिलं तर पोट सपाट, खूण कुठेही करावी. म्हटलं, "काका, निंदायला बसता तसे बसा बरं." ते उकिडवे बसले आणि त्याच पोटाला दोन खोल वळ्या पडल्या. मी हेरलेली जागा नेमकी एका वळीत बुडाली. तिथे पिशवी धरली नसती. पहिल्याच निंदणीत सुटली असती आणि मळ लागून कातडी सोलवटली असती. शिवाय कमरेला करदोडा, लेंग्याची नाडी. मांडी घालून, उभं राहून, वाकून पुन्हा पाहिलं. शेवटी बेंबीखाली डावीकडे, पोटाच्या उभ्या स्नायूवर, नाडीच्या वर जागा मिळाली.

"मान खाली घातली की दिसते का, काका?"

"दिसते ना ताई."

हे विचारावंच लागतं. स्वतःला न दिसणारी पिशवी माणसाला बदलता येत नाही. मग जन्मभर सुनेच्या नाहीतर लेकाच्या हातावर राहणं आलं. बायांना तर आधी विचारते, नऊवारी की परकर? नाडीची जागा बदलते तशी खूणही बदलते.

आतडं तुंबून रात्री-अपरात्री आलेल्या रुग्णाला एवढी सवड नसते, ते मी समजू शकते. पण ऑपरेशनची तारीख आधी ठरलेली असताना खूण न करता रुग्णाला आत नेणं मला मुळीच मान्य नाही. तुमच्या घरात कुणाला पिशवी लागणार असेल तर खूण कोण करणार, हे आदल्या दिवशी विचारा. आणि रुग्णाला बसवून, त्याच्या रोजच्या कपड्यांत करायला सांगा.