तारखेपुरता बरा

आमच्याकडचा माणूस बरा झाला की त्याची रवानगी तुरुंगात व्हायची. इतर रुग्णांना न्यायला नातेवाईक पिशवी घेऊन येत. यांच्यासाठी पोलिसांची गाडी यायची. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मी परिचारिका होते आणि बरीच वर्षं बंदी रुग्णांकडे माझी ड्यूटी असे. 1864 सालचं ते रुग्णालय. विदर्भातला मनोरुग्ण शेवटी तिथेच पोहोचतो.

मी मेडशीची. अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूरनंतरचा घाट ओलांडला की आमचं गाव. सुट्टीत घरी आले की बायका विचारायच्या, "खुनी लोकायची भेव नाई वाटत वं?" खरं सांगायचं तर भीती वाटायची ती गप्प पडून राहणाऱ्याची. आरडाओरडा करणारा निदान काहीतरी सांगत असतो.

कोर्टाला दोन प्रश्न पडतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. गुन्हा घडला तेव्हा आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का, हा एक. त्यासाठी भारतीय दंडसंहितेचं कलम 84 होतं. आता न्यायसंहितेचं 22 आहे. दुसरा प्रश्न आजचा: स्वतःचा बचाव करण्याइतका हा शुद्धीवर आहे का? नसेल तर खटला थांबतो, सुधारला की पुढे चालू. आमच्या नोंदी लागायच्या त्या मुख्यतः या दुसऱ्यासाठी. तपासणीत डॉक्टर विचारत, वकील कशाला असतो, न्यायाधीश काय करतो. पण रात्री तीनला हा माणूस भिंतीशी बोलतो की झोपतो, हे रिपोर्ट बुकात आम्हीच लिहायचं. "रुग्ण शांत" एवढं लिहून मोकळ्या होणाऱ्या नव्या मुलींवर मी चिडायची. शांत म्हणजे काय? जेवला का, आंघोळीला आपणहून उठला का?

आमच्या वाशिमकडच्या मालेगावचा एक न्यायबंदी जेवणच घेईना. ताटात विष आहे म्हणे. मी आपल्या बोलीत म्हटलं, "जेव ना बाप्पा, किती दिवस असा राह्यशीन?" त्याने मान वर केली. "कोन्या गावची वं बाई?" मेडशी म्हटल्यावर घाटातल्या रस्त्याची चौकशी केली, पण घास काही घेतला नाही. बोली ऐकून विश्वास बसतो हे कथांमध्ये. शेवटी केळं दिलं, न सोललेलं. मग उकडलेलं अंडं, टरफलासकट. जे स्वतःच्या हाताने उघडता येतं त्यात विष नसतं, हे त्याच्या हिशेबात बसलं. गोळीही मग पाकिटातून त्याच्यासमोरच फोडून द्यायचे आणि जीभ वर करायला लावून तोंड बघायचे.

त्यासाठी हात मोकळा हवा. सोबतचा शिपाई बेडी काढायला कुरकुरायचा; पळाला तर नोकरी त्याची जाणार, तेही खरंच. आसामात रुग्णालयातल्या बंद्यांना खाटेला बेड्यांनी जखडलं होतं, त्यावर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की न्यायालयाच्या परवानगीशिवाय बेडी नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर मनोरुग्णाला साखळीने बांधायलाच बंदी घातली. पण कायद्याचं कलम सांगून शिपाई ऐकत नाही. मी त्याला दाराशी खुर्ची टाकून द्यायचे, चहा पाजायचे, मग बेडी निघायची.

तो सुधारला, दाखला मिळाला, गेला. काही महिन्यांतच परत आणला, पूर्वीसारखाच. त्या तुरुंगात गोळ्या बंद पडल्या होत्या. मुद्दाम कुणी केल्या असं नाही. चिठ्ठी कार्यालयात राहिली आणि माणूस बराकीत. त्यानंतर मी प्रत्येकाच्या कार्डावर मोठ्या मराठी अक्षरांत गोळीचं नाव, वेळ आणि 'चुकली तर काय होतं' हे लिहायला लागले. शिवाय तिथल्या कंपाउंडरला फोन. ही कामं आमच्या कुठल्याच रजिस्टरात मोडत नव्हती.

निवृत्त होऊन मी मेडशीत राहायला आले. मध्यंतरी शेजारच्या खेड्यातला एकजण आला. भाऊ जामिनावर सुटलेला, रात्री अंगणात फिरतो. कागदपत्रांची पिशवीच माझ्यापुढे ओतली. "मावशी, हा पुन्हा तसं करीन का?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी विचारलं, गोळ्या कोण देतं? तो स्वतःच घेतो म्हणाला. म्हटलं, आजपासून आईच्या हातून. सोयाबीनची मळणी असो की लग्न, महिन्याला वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचंच. आणि सलग दोन रात्री झोपला नाही तर तारखेची वाट बघू नका.

"अन् गाडीभाडं?"

त्यावर आम्ही बराच वेळ हिशेब करत बसलो.