दुरुस्त केली तर चालेल का?

पंचनाम्यात माझ्या बंदुकीचं वर्णन होतं ते असं: ‘एक जुनी लांब नळीची बंदूक, लाकडी दस्ता असलेली, चालू स्थितीत असल्याचा संशय.’ तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं ती घरी परत आली तेव्हा दस्त्यावरच्या पितळी फुलांच्या मधोमध कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटनं मुद्देमालाचा नंबर घातलेला होता. ब्रश जाड, हात घाईचा. टर्पेंटाइननं तो रंग निघेलही, पण त्यासोबत कितीएक पिढ्यांच्या हातांनी लाकडाला आलेली झिलईही जाईल. म्हणून मी त्याला हात लावलेला नाही. राग मात्र अजून जात नाही.

मी निगडीचा, प्राधिकरणातला. उभी नोकरी टूलरूममध्ये गेली. कानस, व्हर्नियर, डाय, फिक्स्चर. जुन्या बंदुकांचा नाद लागला तो पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी. भंगारवाल्याच्या गोणपाटावर चकमकीच्या बंदुकीचा नुसता घोडा आणि त्यामागची स्प्रिंग पडलेली. ना मिलिंग, ना ग्राइंडिंग. कुणा लोहारानं ती स्प्रिंग कानशीनं टोकाकडं निमुळती करत नेलेली, आणि ती अजून ताठ. आमच्या अख्ख्या शॉपमध्ये असा हात असलेला एकच फिटर होता. घोडा घेऊन घरी आलो, तर सौ. म्हणाली, “आता भंगारही विकत आणायचं का?” पुढं ते वाढत गेलं, सगळं सांगत बसत नाही.

पंचनाम्यातली बंदूक बाजारातली नाही, आजोळची. कोकणातल्या घराची कौलं उतरवून मामा स्लॅब टाकत होता, तेव्हा माळ्यावर निघाली. तोड्याची बंदूक. सुताचा जळता तोडा सापाच्या आकाराच्या पकडीत धरायचा, चाप ओढला की पकड खाली येते, नळीच्या कानावरच्या रंजकेला, म्हणजे पेटवणीच्या दारूला, आग लागते आणि ती आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत जाते. युरोपात ही पद्धत सतराव्या शतकाच्या अखेरीस मागं पडली. आपल्याकडं एकोणिसाव्या शतकातही चालू होती. ह्याला लोक मागासलेपणा म्हणतात. मला तो हिशोब वाटतो. चकमकीच्या बंदुकीला चांगली गारगोटी लागते, पाणी दिलेल्या पोलादाच्या स्प्रिंगा लागतात, आणि त्या तुटल्या की गावात कोण दुरुस्त करणार? तोडा घरी वळता येतो.

नळी लोखंडी पट्टीची. सळईभोवती वेढे घालून, तापवून, ठोकून एकजीव केलेली. तेलाचा बोळा फिरवून तिरप्या उजेडात धरली की वेढ्यांच्या तिरक्या रेघा वर येतात. दारू पेटते त्या टोकाला केसाएवढी चीर आहे. रंजकेचं छिद्र जळून इतकं मोठं झालंय की आगकाडी सहज आत जाते. तोड्याची पकड तर माळ्यावर सापडली तेव्हाच नव्हती. हे सगळं इतक्या बारकाईनं सांगतोय, कारण पुढं हेच मला वेगवेगळ्या टेबलांपुढं उभं राहून सांगावं लागलं आणि कुणी ऐकलं नाही.

शिवजयंतीला सोसायटीच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन मांडलं. दोन टेबलं, पांढरी चादर, स्वतः लिहिलेल्या चिठ्ठ्या. पोरं जमली. “ही तानाजीची का?” “नाही बाळा, कुणाची ते माहीत नाही.” पोरगं निराश होऊन पुढं गेलं. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरता फिरता त्याला ‘निगडीत घरात शस्त्रसाठा’ असं नाव पडलं. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. ठाण्याचं नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती. चपला बाहेर काढून आत आली, चहा घेतला.

हवालदारांनी विचारलं, “काका, ही चालते का?”

मी म्हटलं, “साहेब, हिला आधी तोड्याची पकड बसवावी लागेल. मग तोडा, रंजक, दारू, शिशाची गोळी. आणि एवढं करून बार काढलाच, तर नळी फुटून पहिला मी मरेन.”

ते थोडं थांबले आणि म्हणाले, “म्हणजे चालते.”

मग ठाण्यात मोठ्या साहेबांपुढं. मी कायद्याची झेरॉक्स घेऊनच गेलो होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम. जुन्या पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला हा कायदाच लागू नाही. साहेबांनी शांतपणे वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दुरुस्ती करून किंवा न करता, दोन्ही प्रकारे वापरता येऊ नये, असं तिथं लिहिलंय. ते म्हणाले, “दुरुस्त केली तर चालेल का?”

“कोण करणार, साहेब?”

“तुम्ही काय करत होता?”

“टूलरूमला होतो.”

“मग?”

ह्या ‘मग’वर मी आजही अडकलोय. चिरलेली नळी, जळलेलं छिद्र, हरवलेली पकड, ह्यातलं काहीच त्या खोलीत पुराव्याला आलं नाही. आली ती माझी नोकरी. तीच बंदूक एखाद्या बँकेतल्या कारकुनाच्या घरी सापडली असती तर ती मोडकी ठरली असती. माझ्या घरात ती दुरुस्त होण्याजोगी ठरली. चाकणपासून भोसरीपर्यंत लाखभर तरी माणसं लेथवर उभी असतील. त्यांच्या घरातलं कुठलंच जुनं लोखंड मग कधीच निकामी ठरणार नाही. आणि ज्यानं बेकायदा हत्यार बनवायचंच ठरवलंय, तो आजोळचा वारसा कशाला दुरुस्त करत बसेल? त्याला एक पाइप आणि एक वेल्डिंग मशीन पुरतं. गावठी कट्ट्याला कुणी पितळी फुलं ठोकत नाही. हे सगळं मी तिथं बोललो का? नाही. मी म्हटलं, “बरं साहेब.” नंतर रात्री पंख्याकडं बघत सगळं बोललो.

बंदूक तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेली, परत ठाण्यात आली, मुद्देमालाच्या खोलीत राहिली. मधे पावसाळा लागला. कोर्टात अर्ज केला. वकिलांनी मला बजावलं होतं, “काका, तिथं नळीच्या वेढ्यांबद्दल बोलू नका.” अहवाल आला: वापरायोग्य नाही. एका ओळीचं काम. आदेश घेऊन गेलो तेव्हा ती एका कोपऱ्यात मोटरसायकलच्या सायलेन्सरला टेकून उभी होती. नळीवर गंजाचे फोड, दस्त्यावर नंबर. सही केली, गोणपाटात गुंडाळली आणि रिक्षानं घरी आलो.

ह्या देशात हत्यार आणि सामान्य माणूस ह्यांचं नातं १८७८ पासूनच बिघडलेलं आहे असं माझं मत. व्हाइसरॉय लिटनच्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवाना लागला, गोऱ्याला लागला नाही. आमच्या शेजारच्या चिंचवडच्या चापेकरांनी २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडला गाठलं ते ह्याच कायद्याच्या राज्यात. कुर्गातल्या कोडवांना परवान्यातून सूट मिळाली, ती आजतागायत आहे. बाकीच्यांच्या माळ्यावरच्या बंदुका मुकाट्यानं गेल्या किंवा गंजल्या. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागते, आणि रानडुकरांना आचारसंहिता माहीत नसते.

असं मी तावातावानं बोलत असे. पण त्या व्हिडिओनंतर माझ्याकडं जी माणसं यायला लागली, त्यांनी माझी जरा पंचाईत केली.

काही सोन्यासारखी आली. देहूरोडजवळ राहणारे एक निवृत्त सुभेदार आले, बंदूक हातात घ्यायच्या आधी गज मागितला. तो नळीत तळापर्यंत सोडला, तोंडाशी बोटानं खूण धरली, बाहेर काढून नळीला लावून पाहिला. गज पार छिद्रापर्यंत पोचत होता, म्हणजे आत जुना बार अडकलेला नाही. “काळी दारू म्हातारी होत नाही,” म्हणाले. मग कुठं चष्मा काढला आणि कौतुक सुरू केलं. एक दातांचे डॉक्टर येतात, त्यांना फक्त तारकामात रस. राजस्थानाकडून ‘सरदारांच्या वाड्यातला’ म्हणून जो माल येतो, त्यावरचा गंज ॲसिडचा की काळाचा हे ते नखानं खरवडून सांगतात. बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात आम्ही दोघं बरोबर जातो. दारूच्या शिंगापाशी ते इतका वेळ थांबतात की रखवालदाराला शंका येते.

पण बाकीचे? जास्त तेच होते. चाकणकडचा एक पोरगा आला, जमिनीचे पैसे आलेले, काळी गाडी, कमरेला परवान्याचं पिस्तूल, आणि ते दिसावं म्हणून शर्ट खोचलेला. “काका, ही भिंतीवर लावायचीय. किती?” विकायची नाही म्हटल्यावर, “मग रीलपुरती द्या.” दुसऱ्यानं आपण कुठल्या सरदाराचे वंशज आहोत ते सांगून मला त्याच्या पूर्वजाची बंदूक शोधून द्यायला सांगितलं, नसेल तर कुठलीही चालेल म्हणाला. तिसरा नुसताच गप्प बसला, प्रत्येक बंदूक खांद्याला लावून पाहिली, आणि जाताना हळूच विचारलं, “काका, दुरुस्त केली तर चालेल का?”

तेव्हा मला साहेबांची आठवण झाली. पिंपरी-चिंचवडला २०१८ मध्ये स्वतंत्र आयुक्तालय झालं. तेव्हापासून पेपर उघडला की कोयता, कट्टा, आणि वाढदिवसाचा केक तलवारीनं कापल्याबद्दल गुन्हा. अशा गावात खुर्चीवर बसलेल्या माणसानं माझ्या तोंडाकडं बघून कसं ओळखायचं की मी डॉक्टरांच्या जातकुळीतला की त्या तिसऱ्याच्या? मी असतो तर मीही बंदूक उचलली असती. नंबर मात्र चिठ्ठीवर लिहून दोऱ्यानं बांधला असता. एवढं तरी कळायला हवं होतं.

आणि खरं सांगायचं तर मी स्वतःला त्या पोरांपेक्षा वेगळा समजतो, ते पूर्ण खरं नाही. घडणीचं कौतुक, लोहाराचा हात, सगळं ठीक; पण घरात कुणी नसलं की मीही ती खांद्याला लावतो आणि खिडकीतून दुर्गा टेकडीवरच्या झाडावर नेम धरतो. चाप ओढतो. काहीच होत नाही, तरी बरं वाटतं. कारागिरीच आवडत असती तर मी अडकित्ते जमवले असते.

तुमच्याही गावच्या माळ्यावर अशी एखादी असेल तर एवढं करा. चिंच, लिंबू, सँडपेपर लावू नका; गंज वाटतो त्याखालीच नक्षी असते. तोंडाशी डोळा लावू नका. आत बार असल्याची शंका आली तर तिच्याशी खेळू नका, पोलिसांना बोलवा. काय सापडलं, कुठं, कुणाच्या घरात, हे फोटोसकट लिहून ठेवा, कारण उद्या तुम्हाला तेच विचारणार. शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ती परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला भेट द्यायचा विचार सोडा. संग्रहालय घेत असेल तर रीतसर कागद करून देऊन टाका. माझ्याकडं आणू नका. मी आता फक्त घोडे आणि स्प्रिंगा घेतो, त्यांचा पंचनामा होत नाही.