फर्लांगभर उडी

'रजा' आणि 'सुट्टी' हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण दोघींचे स्वभाव फार वेगळे आहेत. रजा मागावी लागते. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, अर्जात कारण लिहावे लागते आणि ते कारण वरच्या माणसाला पटावे लागते. सुट्टीचे तसे नाही. ती 'सुटणे' या क्रियापदाची लेक आहे. दाव्यातून वासरू सुटावे, घंटा होताच शाळेतून पोरे सुटावीत, तसा माणूस त्या दिवशी सुटतो; कुणाला कारण सांगत बसत नाही. जुन्या पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी अशा तिथींना अध्ययन बंद असे आणि त्या दिवसाला 'अनध्याय' म्हणत. हा शब्द मला मोठा प्रामाणिक वाटतो. त्या दिवशी काय करायचे नाही एवढेच तो सांगतो. काय करायचे, याविषयी चकार शब्द काढत नाही.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. शब्दांचा असा कीस काढण्यात माझे आठवड्याचे सहा दिवस जातात. सातव्या दिवशी मी गव्हाचा डबा उचलतो.

हा सातवा दिवस आपल्याला इतका सवयीचा झाला आहे, की तो पंचांगाबरोबरच जन्माला आला असे वाटावे. प्रत्यक्षात मुंबईच्या गिरणी कामगारांना तो १० जून १८९० पासून मिळाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' ही संघटना काढली, तेव्हापासून आठवड्याची एक हक्काची सुट्टी हवी म्हणून ते झगडत होते. रविवार हा आपल्या खंडोबाचाही वार, त्यामुळे तो साहेबाला जितका सोयीचा तितकाच कामगारालाही जवळचा. त्या पहिल्या रविवारी गिरणीचा भोंगा वाजला नाही तेव्हा त्या माणसांनी काय केले असेल, याचे चित्र मी पुष्कळदा मनाशी रंगवतो. कुणी सैल झालेल्या खाटेचा सुंभ ताणला असेल, कुणी गळके छप्पर शाकारले असेल, कुणी पोराला खांद्यावर बसवून समुद्र दाखवला असेल, कुणी आजारी आईच्या पायथ्याशी नुसताच बसून राहिला असेल. इतक्या झगड्याने मिळवलेला दिवस, आणि तो असल्या किरकोळ कामांत गेला असेल. माझा रविवारही तसाच जातो. म्हणून मला त्या अनोळखी माणसांशी माझे काही नाते आहे असे वाटते.

आमच्या घरात माणसे चार. मी, पत्नी, चौथीत शिकणारी मुलगी आणि माझे वडील. वडिलांना आम्ही सारे नाना म्हणतो. नाना तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांचे वय आज अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय त्यांचे म्हणणे पूर्वीसारखे ऐकत नाहीत, आणि बोलायचा शब्द त्यांना खोल विहिरीतून पोहऱ्याने काढावा लागतो. पोहरा वर येईपर्यंत आपण काठावर थांबायचे असते. ही थांबण्याची विद्या मुलगी आमच्या सगळ्यांच्या आधी शिकली.

रविवारी सकाळी पत्नी तिच्या गाण्याच्या शिकवणीला जाते आणि मी पिशव्या घेऊन बाहेर पडतो. पहिला मुक्काम गिरणीचा. दळणाला काही डोके लागत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी कधी गिरणीत डबा नेलेला नाही. तिथे पोचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो "आता काय चाललंय?" हा. ज्वारी चालू असेल तर थांबायचे. गव्हावर गहू दळला तरच पोळी पोळीसारखी होते. आधीची ज्वारी-बाजरी जात्यात राहिली असेल तर ती आपल्या पिठात उतरते. हे शास्त्र मला नानांनी शिकवले. सायकलच्या कॅरिअरवर डबा दोरीने आवळून ते चाळीस वर्षे दळण आणत होते. पीठ हातावर घेऊन अंगठ्याने चोळून पाहायचे, मग मान डोलवायची, मगच झाकण लावायचे. गिरणीवाल्याची आता दुसरी पिढी आहे. तो अजून विचारतो, "नाना कसे आहेत?" आणि मी "बरे आहेत" म्हणेपर्यंत पट्ट्याच्या आवाजात माझे उत्तर विरून जाते.

गिरणीवरून औषधांच्या दुकानात, तिथून चपलेचा अंगठा शिवायला, तिथून भाजीला. विजेचे बिल भरायला पूर्वी रांग लावावी लागे. ते आता फोनवर बोट टेकवून भरता येते. तेवढी एक रांग आयुष्यातून गेली. रांगेत भेटणारी माणसेही तिच्याबरोबर गेली. असो.

घरी आल्यावर नानांची गोळ्यांची पेटी भरायची. सात दिवस आणि दिवसाच्या चार वेळा, असे अठ्ठावीस कप्पे. रक्तदाबाची पांढरी, रक्त पातळ ठेवणारी गुलाबी, रात्रीची अर्धी. अर्धी गोळी करताना सुरी जरा सरकली की एक तुकडा कोपऱ्यात उडतो आणि मुलगी तो शोधायला खाटेखाली शिरते. नाना समोर बसून सारे पाहतात. कारकुनी डोळा अजून शाबूत आहे. एखाद्या कप्प्यात गोळी कमी पडली, तर ते डाव्या हाताचे बोट तिथे ठेवतात. बोलत नाहीत. भरलेल्या अठ्ठावीस कप्प्यांचे झाकण लागले, की पुढचा आठवडा आपल्या हाती आला असे मला क्षणभर वाटते.

दुपारपर्यंतचा वेळ माझ्या छंदाचा. मी जुन्या मासिकांची बांधणी करतो. पत्नी या छंदाला 'रद्दीला पुनर्जन्म देणे' म्हणते, आणि ते खरेच आहे. मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, दाभणाने भोके पाडून अंक एकमेकांना शिवायचे, पुठ्ठ्यावर कापड चढवायचे आणि सारा गठ्ठा रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचा. या कामात एक गंमत आहे. आपण काहीही नवे निर्माण करत नाही. जे सुटे होऊ पाहत आहे ते आणखी काही वर्षे एकत्र राहील, एवढीच तजवीज करतो.

जेवणे झाली, की कार्टून. हा आमच्या घरातला रविवारचा शेवटचा आणि सर्वांत गंभीर विधी. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर हीमॅन लागे. तलवार उंचावून तो बलवान होई आणि गोष्ट संपल्यावर इसापनीतीसारखे तात्पर्य सांगे. मुलीच्या पिढीला तात्पर्याचा कंटाळा आहे. मग तडजोड म्हणून एक कार्टून तिच्या पसंतीचे आणि एक माझ्या. माझ्या पसंतीचे म्हणजे जुना सुपरमॅन. फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओने सुरू केलेली ही मालिका १९४१ ते १९४३ या काळात सतरा लघुपटांची झाली. एकेक लघुपट जेमतेम आठ-दहा मिनिटांचा. पण त्यातले रंग आणि सावल्या पाहत राहाव्यात अशा आहेत.

या सुपरमॅनची एक हकीकत मला फार आवडते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा हा मानसपुत्र १९३८ साली चित्रकथेतून जगापुढे आला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. त्याची सारी मजल एका उडीत एक अष्टमांश मैल जाण्यापर्यंत. आकाशात सरळ विहार करण्याची कला त्याला पुढे, पडद्यावर आल्यावर साधली. एक अष्टमांश मैल म्हणजे आपला जुना फर्लांग! मैलांच्या दगडांबरोबर हा शब्द व्यवहारातून गेला. मुलीला मी तो समजावून दिला आणि सांगितले, की आपल्या घरापासून गिरणी साधारण फर्लांगभर आहे. तिने हिशेब केला. "म्हणजे सुपरमॅन एका उडीत दळण आणेल?"

"आणेल," मी म्हणालो, "पण गव्हावर गहू आहे का, हे विचारायला त्याला थांबावं लागेल."

खरे सांगायचे तर या महावीरांना दळण आणताना कुणी पाहिलेले नाही. त्यांच्या आयुष्यात रविवारच नसतो. बॅटमॅनच्या वाड्यात आल्फ्रेड आहे, म्हणून त्याचा झगा धुऊन-वाळून मिळत असावा. बाकीच्यांचे झगे कोण इस्त्री करते? संकट आले, की ते येतात. संकट टळले, की गोष्ट संपते. नंतरचा दिवस चित्रकार काढत नाही.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी कार्टून संपल्यावर मुलगी नानांकडे वळली. "आजोबा, तुम्हाला अशी शक्ती मिळाली तर तुम्ही काय कराल?"

आम्ही दोघे गप्प झालो. या प्रश्नाचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे असे वाटत होते: हात बरा करीन, पाय बरा करीन. पोहरा विहिरीत उतरला. मुलगी काठावर थांबली. बऱ्याच वेळाने नाना म्हणाले,

"दळण... आणीन."

"एवढंच?"

"सायकलवर," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "एका हातानं... डबा धरून." आणि चेहऱ्याची जी बाजू त्यांचे ऐकते त्या बाजूने ते हसले.

पत्नी उठून स्वयंपाकघरात गेली. सकाळी आणलेला डबा तिथे कोपऱ्यात होता. मला त्या उत्तराने गलबलून आले, आणि मग त्यातली ऐटही जाणवली. एका हाताने डबा धरून सायकल चालवणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्याने ती चाळीस वर्षे केली त्याला तिची किंमत बरोबर माहीत आहे.

तेव्हापासून माझ्या मनात एक विचार घोळतो आहे. आपल्याकडचे सर्वांत मोठे उड्डाण कोणते? मारुतीचे. आणि तो कशासाठी उडाला होता? औषध आणायला! सुषेणाने विशल्यकरणी, संधानकरणी अशा वनस्पतींची यादी दिली. मारुतीला त्या ओळखू येईनात, म्हणून त्याने डोंगराचे शिखरच उचलून आणले. यादी हातात घेऊन औषधांच्या दुकानात उभा राहणारा प्रत्येक माणूस त्याची ही अडचण समजू शकेल. आणि अमेरिकेतल्या स्पायडरमॅनचे पाहा. त्याच्या चित्रकथांतला अतिशय गाजलेला पराक्रम १९६६ सालच्या एका अंकात आहे. प्रचंड यंत्राच्या ढिगाऱ्याखाली तो अडकला आहे, समोर एक कुपी पडली आहे, आणि पाणी चढते आहे. सारे बळ एकवटून तो ढिगारा उचलतो, तो जगाला वाचवण्यासाठी नव्हे. कुपीत त्याच्या आजारी मे काकूचे औषध असते, आणि ते वेळेवर पोचवायचे असते. लंका आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये केवढे अंतर! पण दोन्हीकडच्या गोष्टी सांगणाऱ्यांना बळाची खरी परीक्षा घ्यावीशी वाटली, तेव्हा त्यांनी आपल्या वीराला घरच्या माणसाचे औषध आणायलाच पाठवले.

फरक एवढाच, की मारुतीला ते एका रात्रीत जमले आणि लक्ष्मण उठून बसला. आपल्या घरचे माणूस असे एका रात्रीत उठून बसत नाही. अठ्ठावीस कप्पे भरायचे, ते रिकामे झाले की पुन्हा भरायचे. डॉक्टर सांगतात, "आहे तसं राहिलं तरी पुष्कळ." आहे तसे राहावे म्हणून किती चालावे लागते, हे कुणा चित्रकाराने काढलेले नाही. ते काढण्यासारखे नसेलही. आठ-दहा मिनिटांत ते मावणार नाही.

या रविवारी ज्वारी दळायची आहे. नानांनी परवा काठी दाराशी आणून ठेवली आणि आपणही येणार असे खुणेने सांगितले. मी वाट डोळ्यांपुढे आणून पाहिली. मध्ये पिंपळाचा पार आहे आणि पुढे बंद दुकानाची पायरी. बसायला दोन जागा. त्यांच्या पावलांनी जायला अर्धा तास लागेल, यायला त्याहून थोडा अधिक. डबा मी धरीन. पीठ चोळून ते पाहतील.