मीठ, ताक आणि उकडलेला बटाटा

आषाढी एकादशीला सांगवीची सकाळ उकडत्या बटाट्याच्या वासाने उजाडते. मुळा आणि पवनेच्या मधल्या या वस्तीत हवा तेव्हा ओलीगच्च असते; खिडक्याखिडक्यांतून कुकरच्या शिट्ट्या येतात, गरम साल नखाने जरा उचललं की पापुद्र्यासारखं सुटत जातं, आतला पिवळसर गर बोटांना चटका देत चिकटतो, तुपात जिरं फुलतं, मिरचीचा ठसका लागतो, वरून दाण्याचं कूट पडतं आणि ज्या दिवशी जेवायचं नाही, त्याच दिवशी सगळं घर खमंग होऊन जातं.

उपवासही किती प्रेमळ असतो!

त्या वाफेत मला आयर्लंडची घरं दिसतात. तिथल्या गरीब शेतमजुराचं रोजचं जेवण हेच होतं. सालासकट उकडलेले बटाटे, चिमूटभर मीठ आणि लोणी काढून उरलेलं ताक. बटाटे टोपलीत निथळायचे आणि टोपलीभोवतीच सगळं घर बसायचं. लोणी मिळालंच, तर कोबी घालून कुस्करलेल्या बटाट्याचं कोलकॅनन व्हायचं. वरणासाठी आपण भातात करतो तसं त्यात आळं करायचं आणि लोणी त्या आळ्यात हळूहळू वितळू द्यायचं.

1845 मध्ये तिथल्या शेतांवर करपा पडला. हिरवे वाफे काळे पडले, जमिनीतले बटाटे सडले, पुढची काही वर्षं तेच होत राहिलं; सुमारे 10 लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली, त्याहून अधिक बोटीत बसून देशोधडीला लागली आणि त्या काळातही धान्य भरलेली जहाजं आयरिश बंदरांतून बाहेर पडतच होती.

ही गोष्ट मला क्षमा करण्याजोगी वाटत नाही.

इकडे आपल्या आंबेगावच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा वाढतो. आभाळ भरून राहिलं, धुकं उतरलं की तिथला शेतकरी आजही याच करप्याच्या धास्तीने पानं उलटून पाहतो. कारखाने येण्याआधी चाकणची ओळख कांदा-बटाट्याच्या बाजाराने होती आणि तो बाजार आजही भरतो. पठारावरचा नवा बटाटा आला की एकदा तो सालासकट उकडा, नुसतं मीठ लावा आणि सोबत ताक घ्या.