जुन्या तंट्याचे नाव

लांबलेल्या भांडणाला मराठीत शब्दांची वाण नाही. वाद, तंटा, कज्जा, दावा, खटला, भाऊबंदकी. शिवाय गुऱ्हाळ, चऱ्हाट, भिजत घोंगडे. पण मुळशीतल्या भरे गावचा बांधाचा वाद पौडच्या तहसील कचेरीत न्यायचा, तर यांतले फार थोडे कामी येतात. दाखल झाल्याशिवाय दावा नाही. खटल्याला फौजदारी वास येतो. गुऱ्हाळ नि चऱ्हाट चावडीवर शोभतात. भाऊबंदकीत दोष दोन्हीकडे वाटला जातो, म्हणून तो शब्द कोणत्याच अर्जदाराला रुचत नाही. तलाठ्याच्या गाव नमुना सहा-अ मध्ये तर एकच कोरडा शब्द: विवादग्रस्त.

अर्जनवीस अडतो तो विशेषणापाशी. ‘रखडलेला’ म्हटले तर दोष कोणाचाच नाही, ‘रखडवलेला’ म्हटले की सामनेवाल्याचा, ‘प्रलंबित’ म्हटले की कचेरीचा. ‘चिघळलेला’मध्ये कुणीतरी खपली काढल्याचा संशय आहे. शिकाऊ लेखनिक ‘वर्षानुवर्षे’ लिहून मोकळा होतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार नमुन्यांनी ही सवय पार रुजवली.

मोठ्या वादांतही नावच बाजू घेते. ‘सीमाप्रश्न’ म्हणजे उत्तर अजून यायचे आहे. 1967 चा महाजन अहवाल अंतिम मानणाऱ्या कर्नाटकाच्या लेखी तो प्रश्नच उरत नाही. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला तो मात्र दावा. कृष्णेच्या पाण्यासाठी तंटा लवाद, आणि 2007 पासून गावोगाव तंटामुक्तीची मोहीम. ‘तंटा’ त्यातल्या त्यात निःपक्षपाती: कोणी सुरू केला, किती चालला, काहीच सांगत नाही.

पण शेतरस्ता अडवल्याच्या अर्जात ‘जुना तंटा’ लिहिणे घातक. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 प्रमाणे अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांत दावा आणावा लागतो. तीन पिढ्यांचे वैर रंगवण्यात लेखणी रमते. सुनावणीत आपले वाक्य मोठ्याने वाचले जावे, ही हौस अशिलाच्या रस्त्यापेक्षा मोठी होऊन बसते. आणि त्याच रंगलेल्या वाक्यावर बोट ठेवून सामनेवाला मुदतीचा मुद्दा काढतो. म्हणून जाणता हात वैराला एका ओळीत आटोपतो, आणि काट्यांची फांदी आडवी पडली ती तारीख, गट नंबर नि वहिवाटीची दिशा आधी लिहितो.