मेपल स्ट्रीटवरची वीज

मराठीत लिहायला बसलो की आमच्याकडून 'मी' लवकर उमटत नाही. घरात 'हम' म्हणायची सवय, वर्गातही 'हम'च. तेव्हा वाचकांनी या 'आम्ही'त मोठेपणा शोधू नये. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो आणि माणूस कमी पडला की मराठीही. या लेखात जी गोष्ट सांगायची आहे, ती खरे तर आमच्या एका चुकीची आहे. पण तिच्यापर्यंत पोहोचायला अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून वळसा घ्यावा लागेल. सरळ रस्त्याने जायची हिंमत तेव्हाही झाली नव्हती.

बी.एड. करत होतो तेव्हाचे, 2012 चे वर्ष. वसतिगृहातल्या सोबत्याने एक पेनड्राइव्ह हातात दिला आणि म्हणाला, "सायन्सवाले हो ना, देखो." त्यात 'द ट्वायलाइट झोन'चे काही भाग होते. काळे-पांढरे चित्र, पंचवीस मिनिटांची एकेक गोष्ट, दर वेळी पात्रे नवी. ट्वायलाइट म्हणजे आपली मगरिब आणि इशा यांच्या मधली वेळ. उजेडही नाही आणि अंधारही नाही, अशी. त्या वेळी अम्मी आम्हांला चिंचेखाली उभे राहू देत नसे. नावाचा अर्थ आम्हांला शब्दकोश न उघडता कळला, तो असा.

ही मालिका सीबीएस वाहिनीवर 2 ऑक्टोबर 1959 ला सुरू झाली आणि जून 1964 मध्ये संपली. एकूण 156 भाग, त्यांतले 92 एकट्या रॉड सर्लिंगने लिहिलेले. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक होता, फिलिपिन्समध्ये लढला होता. गोष्टीच्या सुरुवातीला तो स्वतः येतो. काळा सूट, बऱ्याचदा बोटांत सिगारेट, आणि दोन-चार वाक्यांत आपल्याला त्या जगाच्या दारात उभे करून बाजूला होतो. पाहताना आम्हांला दास्तानगोच आठवत होता. लहानपणी दादाजान तिलिस्म-ए-होशरुबातले किस्से सांगायचे, तेही असेच आधी श्रोत्यांना सावरून बसवायचे आणि मग अय्यारांच्या करामती सुरू करायचे.

सर्लिंग मंगळाकडे का वळला, हे मात्र आम्हांला पुढे वाचनातून कळले. ऑगस्ट 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या माणसांनी हाल करून मारले आणि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने आरोपींना सोडून दिले. सर्लिंगला यावर दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहायचे होते. ते 1956 मध्ये दाखवले गेले, पण कसे? मारला जाणारा काळा मुलगा राहिला नाही, तो कुणी एक परदेशी झाला. घटनास्थळ दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडला नेले. दृश्यात कोका-कोलाची बाटलीही नको, कारण ती पाहून कुणाला दक्षिण आठवेल! पैसा जाहिरातदारांचा, त्यामुळे शब्दही त्यांचाच. 1959 मध्ये मालिका सुरू होण्याच्या तोंडावर एका मुलाखतीत त्याने सांगितले की आता आपण सामाजिक प्रश्नांना हात घालणार नाही. लोकांनी विश्वास ठेवला. आणि मग तेच सगळे तो मंगळवासीयांच्या तोंडून सांगत राहिला. आपल्याकडच्या शायरांनी साकी आणि सय्याद यांच्या आडून काय काय सांगितले, ते या वाचकांना वेगळे सांगायला नको.

'ब्लॅक मिरर' पाहिली ती खूप नंतर, लॉकडाऊनच्या काळात, मेहुण्याच्या नेटफ्लिक्सवर. चार्ली ब्रूकर या इंग्रज लेखकाची ही मालिका डिसेंबर 2011 मध्ये चॅनल फोरवर सुरू झाली आणि 2016 पासून नेटफ्लिक्सवर आली. काळा आरसा म्हणजे बंद केलेला मोबाइल किंवा टीव्ही, ज्यात आपलाच चेहरा दिसतो. इथे सूत्रधार नाही. कुणी हात धरून आत नेत नाही आणि बाहेरही काढत नाही. लांबीही सैल, कधी पाऊण तास तर कधी दीड तास. खरे सांगायचे तर काही भाग आम्हांला उगाच क्रूर वाटले. पिंजरा लावायचा, माणूस आत ढकलायचा आणि किल्ली फेकून द्यायची, एवढेच. सर्लिंग माणसावर रागावतो, पण तो त्याच मोहल्ल्यातला आहे असे वाटते. ब्रूकर समोरच्या गच्चीवरून पाहतो. हे आमचे मत 2025 पर्यंत पक्के होते.

एप्रिल 2025 मध्ये 'कॉमन पीपल' नावाचा भाग आला आणि ते डळमळले. नवरा वेल्डर, बायको शाळेत शिक्षिका. तिच्या मेंदूत गाठ निघते. एक कंपनी म्हणते, ऑपरेशन फुकट, मेंदूचा तेवढा भाग आमच्या यंत्रावरून चालवू, फक्त महिन्याला 300 डॉलर भरा. मग दर वाढतात. स्वस्तातली योजना ठेवली तर बाई वर्गात शिकवता शिकवता जाहिरात बोलू लागते. एक मूल घरचे दुःख घेऊन तिच्यापाशी येते आणि उत्तरादाखल तिच्या तोंडून कसल्याशा समुपदेशन सेवेची जाहिरात बाहेर पडते. आपण काय बोललो हे तिला ठाऊकही नसते. नवरा पैशांसाठी कुठल्या थराला जातो ते इथे लिहवत नाही. सर्लिंगच्या कथेतून जाहिरातदाराने बाटली काढायला लावली होती. साठ-सत्तर वर्षांनी जाहिरातदार थेट मास्तरणीच्या तोंडात येऊन बसला. आणि हे दाखवणाऱ्या नेटफ्लिक्सनेच 2022 मध्ये काही देशांत जाहिरातींची स्वस्त योजना काढली होती, ही गंमत वेगळीच. तो भाग पाहिल्यावर बेगम म्हणाली, "तुम भी तो क्लास में मोबाइल देख के बोलते रहते." लिंक भरा, फोटो टाका, माहिती आजच पाठवा. आम्ही गप्प बसलो.

पण आमचे मन अडकले ते सर्लिंगच्या एका जुन्या भागात. 4 मार्च 1960 ला दाखवला गेलेला, मेपल स्ट्रीट नावाच्या गल्लीचा. उन्हाळ्याची संध्याकाळ, मुले खेळत आहेत, आइस्क्रीमवाला आला आहे. आकाशातून काहीतरी चमकून जाते आणि गल्लीतली वीज, फोन, मोटारी, सगळे बंद. पीट नावाचा शेजारी हातोडा कमरेला लावून पलीकडच्या गल्लीत काय स्थिती आहे ते पाहायला जातो. एक पोरगा म्हणतो, मी पुस्तकात वाचले आहे, परग्रहावरचे लोक आधी आपल्यासारखेच दिसणारे एक कुटुंब पाठवून ठेवतात. झाले! ज्याची मोटार आपोआप सुरू झाली त्याच्याकडे सगळे वळतात. हा रात्री आकाशाकडे का पाहत उभा असतो? त्या बिचाऱ्याला झोप येत नसते, इतकेच. मग दुसऱ्यावर संशय, मग तिसऱ्यावर. अंधारातून एक आकृती चालत येते, एकजण बंदूक झाडतो. पडलेला माणूस पीट असतो. पुढे दगड. शेवटी टेकडीवर बसलेले दोन परग्रहवासी दिसतात. आपल्याला काहीच करावे लागत नाही, फक्त दिवे घालवायचे, असे त्यांचे बोलणे.

याच्या शेजारी 'ब्लॅक मिरर'चा 2016 मधला 'मेन अगेन्स्ट फायर' ठेवून पाहावा. सैनिकांच्या डोक्यात एक यंत्र बसवले आहे. त्यामुळे ज्यांना मारायचे ती माणसे त्यांना राक्षसी दिसतात आणि त्यांना म्हणायचे 'रोचेस', म्हणजे झुरळे. एका सैनिकाचे यंत्र बिघडते आणि त्याला समोर घाबरलेली बाई आणि मूल दिसू लागते. ब्रूकरला हा शब्द हवेतून मिळालेला नाही. 1994 मध्ये रवांडाच्या एका रेडिओवरून तुत्सींना झुरळेच म्हटले जात होते. सर्लिंगच्या गोष्टीत यंत्र बंद पडले की माणसे बिघडतात, ब्रूकरच्या गोष्टीत यंत्र नीट चालू असते म्हणून बिघडतात. दोघांतले खरे कोण? 1 जुलै 2018 ला आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने मारून टाकले. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली माणसे होती ती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. त्या दिवशी कुणाचा मोबाइल बंद नव्हता. अफवा मोबाइलवरूनच फिरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. इथे आम्ही ब्रूकरला मानले.

आता आमची गल्ली. डिसेंबर 2023. सहलीचे पैसे गोळा करत होतो. बाराशे रुपयांचे पाकीट टेबलावर होते. वीज गेली, मुलांनी गिल्ला केला, आम्ही दारापर्यंत जाऊन आलो आणि पाकीट दिसेना. आधी कुणी काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, वो नए लड़के को पूछो." हा मुलगा दिवाळीनंतर आलेला, बाप पावरलूमवर, बोली थोडी वेगळी, सहलीला नाव नाही. मधल्या सुट्टीत तो वर्गातच बसून राहतो, हेही कुणीतरी सांगितले. आम्ही त्याला उभे केले आणि सगळ्यांसमोर दप्तर उलटे केले. वह्या, कंपासपेटी, एक जुना स्वेटर. खिसेही पाहिले. त्याने हात स्वतःहून वर केले, हे आम्ही विसरू शकत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ते कुठून माहीत असावे?

पाकीट संध्याकाळी हजेरीपटाच्या आवरणात सापडले. आम्हीच सरकवले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात "पैसे मिल गए" एवढेच सांगून धडा सुरू केला. माफी जिभेवर येत होती आणि परत जात होती. चार दिवसांनी आम्ही शेवटच्या तासाला मुलांना मेपल स्ट्रीटची गोष्ट सांगितली. आपल्या बोलीत, हातवारे करून, पार रंगवून. आम्हांला वाटले, समजणारा समजेल. जाहिरातदारांना भिऊन सर्लिंगने मंगळवासी आणले होते. आम्ही कुणाला भीत होतो? आठवीच्या अडतीस मुलांना.

गोष्ट आवडली. एकाने विचारले, बाजूच्या गल्लीत लाइट होती का? पीट काय बातमी घेऊन येत होता? हे आमच्या ध्यानात कधीच आले नव्हते. ती बातमी कुणालाच कळत नाही. मग तो नवा मुलगा उठला. एरवी तो विचारल्याशिवाय बोलत नसे.

"सर, जिस की गाड़ी चालू हुई थी, उस को बाद में किसी ने सॉरी बोला क्या?"

आम्ही म्हणालो, नाही. गोष्टीत तसे नाही.

"अच्छा," म्हणाला आणि बसला.

घंटा व्हायला सहा-सात मिनिटे होती. आम्ही टेबलाच्या पुढे आलो, त्याचे नाव घेतले आणि जे चार दिवसांपूर्वी म्हणायला हवे होते ते म्हणालो. आवाज नीट निघाला नाही. मुले बाकांकडे पाहत होती. तो "जी सर" म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांला काही वाचता आले नाही.

मार्चमध्ये त्याचा बाप दाखला न्यायला आला. काम सुटले होते, भिवंडीला भावाकडे चालले होते. मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता. आम्ही म्हणालो, लड़का अच्छा है, पढ़ाइए. बाप म्हणाला, "सर, आप की कहानियां घर में सुनाता था. वो अंधेरे वाली तो दो बार सुनाई." शेवट त्याने कसा सांगितला, हे विचारायचे आमच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात क्लार्कने सहीसाठी हाक मारली.