बिनइंजिनाचं वाहन

गेल्या जुलैत आमच्या घरी एक वाहन आलं. त्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, पण टीजीने सुरू होणारी स्वतःची नंबर प्लेट आहे. कारण मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच! आमच्या जुन्या बोलेरोच्या मागे जोडायचं हे चाकांवरचं खोलीभर घर. आत दोन घडीच्या खाटा, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात छोटंसं टॉयलेट.

पप्पांनी व्हीआरएसच्या पैशातून ते घेतलं. त्याच पैशातून माझ्या पुण्यातल्या एम.ए.ची फी भरायची, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. बोलले मात्र काहीच नाही. घरात शांतता ठेवायची सवय आहे ना आपल्याला!

हैदराबादेत कारवान नावाचा भागच आहे. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी येणारे काफिले तिथे उतरायचे. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच हिरेव्यापारीसुद्धा गोवळकोंड्याला येऊन गेला. काफिल्यांवरून नाव पडलेल्या या शहरात आमच्या एका कारवानला मात्र उभं राहायला जागा मिळेना. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी वाद होतो. अपार्टमेंटच्या सेक्रेटरींनी "नक्को" म्हणून हात जोडले. शेवटी आमच्या फादरांनी चर्चच्या आवारात, कडुलिंबाखाली जागा दिली. त्यांनी पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी बघतो तर वॉचमन काकांनी लिंबू-मिरचीही बांधलेली! आम्ही दोन्ही ठेवलं.

पहिला महिना नुसता शिकण्यात गेला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. पप्पा तीस वर्षं गाडी चालवतायत, पण पहिल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर अख्ख्या पॅरिशसमोर ते घामाघूम झाले. पहिल्याच पावसात छताच्या खिडकीतून पाणी गळलं. बनवणाऱ्यांना फोन लावला तर "माणूस पाठवतो" एवढंच उत्तर. मग मी आणि पप्पांनीच वर चढून सिलिकॉन भरलं. मी ट्यूब दाबत होते आणि मनात फीचे आकडे मोजत होते.

सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला निघालो. आजी मूळची जालन्याकडची. लहानपणी ती बैलगाडीतून यात्रेला जायची. गेली सहा वर्षं मात्र "गुडघे दुखायलेत" म्हणून तिने जाणं टाळलं होतं.

झहीराबादच्या अलीकडे ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागला. माझा जीव घशात आला. पप्पांनी ब्रेक न दाबता हळूहळू वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. चूक आमचीच होती. तांदळाचं पोतं, कुकर, पाण्याचे कॅन, सगळं जड सामान मागच्या टोकाला भरलेलं. जोडाच्या कड्यावर ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा तरी यायला हवा, म्हणजे आमच्या साडेसातशे किलोंपैकी पंच्याहत्तर. सामान पुढे सरकवलं तसा ट्रेलर शहाण्यासारखा चालू लागला.

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नसतो, म्हणून आजी बोलेरोतच होती. हुमनाबादला थांबलो, तेव्हा पप्पा तिला हात धरून ट्रेलरच्या टॉयलेटपर्यंत घेऊन गेले. परत आल्यावर ती सीटवर टेकली आणि म्हणाली, "पोरी, पाणी दे गं."

तांब्याभर पाणी ती एका दमात प्यायली.

मी बघतच राहिले. आजीला प्रवासात पाणी पिताना मी कधी पाहिलंच नव्हतं. लग्नाला, मयतीला, कुठेही निघायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून ती पाणी बंद करायची. "तहान न्हाई," म्हणायची. आम्ही ते खरं मानलं. ढाब्यामागच्या बायकांच्या संडासात तिला खाली बसता येत नाही, बसली तर उठता येत नाही, हे कुणाला सांगायचं? सहा वर्षं यात्रा चुकली ती गुडघ्यांमुळे, पण तिने सांगितलेल्या अर्थाने नाही. पप्पांना हे कळलं होतं. त्यांनीही ते आमच्यापैकी कुणाला सांगितलं नव्हतं.

रात्री उमरग्याजवळ एका पेट्रोल पंपावर मुक्काम केला. दोनच्या सुमाराला पंपाचा घर्र आवाज आला. आजी कुणालाही न उठवता एकटी जाऊन आली होती. पुढे सोलापूर, करमाळा, मग नगर. त्या जिल्ह्याचं नाव बदललं, तरी आजीचं ते नगरच. यात्रेच्या गर्दीत ती मतमाउलीसमोर बराच वेळ उभी राहिली.

टॉयलेटची पेटी रिकामी करण्याचं काम आधी कुणालाच नको होतं. परतीच्या वाटेवर ते मी मागून घेतलं.

माझा राग पूर्ण गेला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण परतल्यावर मी पप्पांना फीचं स्पष्ट विचारलं. त्यांनी पासबुक काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "स्कॉलरशिपचा फॉर्म भर. उरलेलं दोघं मिळून बघू." एवढं साधं बोलायला आम्हाला दोन महिने आणि एक ट्रेलर लागला.

फेब्रुवारीत विजयवाड्यातल्या गुणदळाला लूर्दमाउलीच्या सणाला जायचं आजीने ठरवून टाकलंय. तिने फक्त एकच विचारलं, "टाकीत पाणी किती मावतं रं?"